सोशल सायन्सवाल्यांनी अर्थशास्त्र कुठून सुरू करावं? 'इकॉनॉमी, सोसायटी अँड पब्लिक पॉलिसी' वाचल्यावर

आम्हा सोशिऑलॉजी, पॉलिटिकल सायन्स, सोशल वर्क वगैरे करणाऱ्यांची एक गंमत आहे. भांडवलशाही, नवउदारमतवाद, बाजारीकरण हे शब्द दिवसातून दहादा तोंडात असतात, पण कोणी साधं विचारलं की रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) वाढवला तर महागाई का कमी व्हावी, तर सगळे एकदम मोबाईलमधे बघायला लागतात. मग कोणीतरी सांगतं की बेसिक अर्थशास्त्र एकदा करून टाक, आणि आपण एखादं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणतो, त्यात पहिल्याच पानापासून मागणीचा वक्र, पुरवठ्याचा वक्र, ग्राहक विवेकी आहे असं समजा, बाकी सर्व परिस्थिती स्थिर आहे असं समजा, आणि तिसऱ्या दिवशी ते पुस्तक उशाशी धूळ खात पडतं. कारण आपला सगळा अभ्यासच त्या 'बाकी सर्व परिस्थिती'चा असतो ना!

म्हणून हा रिव्ह्यू. 'कोअर' नावाचा एक प्रकल्प आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वेंडी कार्लिन, सांता फे इन्स्टिट्यूटचे सॅम्युएल बोल्स आणि बऱ्याच देशांतल्या अर्थशास्त्रज्ञांनी मिळून २०१३ मधे सुरू केलेला. २००८ ची मंदी येऊन गेली, बँका बुडाल्या, लोकांची घरं गेली, आणि कॉलेजातले विद्यार्थी विचारायला लागले की आम्हाला शिकवताय त्यात हे सगळं कुठे आहे, त्या वातावरणातून हे निघालं. त्यांचं मोठं पुस्तक 'द इकॉनॉमी' हे अर्थशास्त्राच्याच विद्यार्थ्यांसाठी आहे. मी बोलतेय ते दुसऱ्याबद्दल, 'इकॉनॉमी, सोसायटी अँड पब्लिक पॉलिसी', जे खास अर्थशास्त्र मुख्य विषय नसलेल्यांसाठी लिहिलंय. एकूण १२ प्रकरणं. वेबसाइटवर पूर्ण फुकट, क्रेडिट कार्ड मागत नाही, 'सात दिवस ट्रायल' वगैरे भानगड नाही. छापील प्रत ऑक्सफर्डने काढलीय, पण वेबवरच वाचा असंच सांगेन, आणि ते पैशासाठी नाही. वेबवर आलेख एकेक पायरीने उलगडत जातो, पुढे-पुढे क्लिक करत गेलं की एक रेष येते, मग दुसरी, मग त्या बिंदूचा अर्थ खाली लिहून येतो. छापील पानावर सगळ्या रेषा एकदम अंगावर येतात. मधेमधे बहुपर्यायी प्रश्न आहेत आणि चुकीचं उत्तर निवडलं तर ते का चूक हे लगेच सांगतं. हे मला फार आवडलं कारण विचारायला कोणी सर नसताना एकट्याने शिकताना नेमकी तीच अडचण असते.

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक कुठे गेला ते पुढे येईल.

सुरुवात होते चौदाव्या शतकातल्या इब्न बतूतापासून, तो बंगालमधे येतो आणि म्हणतो की इथे तांदूळ भरपूर आहे, खाण्यापिण्याची इतकी मुबलकता मी कुठेच पाहिली नाही. मग हजार वर्षांचे दरडोई उत्पन्नाचे आलेख, शतकानुशतकं आडवी चाललेली रेष आणि मग एकदम उभी चढलेली, ब्रिटनची आधी, आपली खूप नंतर. हे पहिलं प्रकरण वाचायला छान आहे, इतिहासासारखं वाटतं, पण एक तक्रार इथेच नोंदवते, वसाहतवादाला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. दादाभाई नौरोजींच्या संपत्तीच्या निःसारणावर आपल्याकडे शाळेपासून धडा असतो, त्यामुळे ती रेष एवढी वर्षं आडवी का राहिली याचं उत्तर मला जरा तुटक वाटलं. असो.

खरी मजा दुसऱ्या प्रकरणापासून. गेम थिअरी. नाव ऐकून घाबरू नका, गणित म्हणजे चार चौकोनांचा तक्ता एवढंच आहे. अनिल आणि बाला असे दोन शेजारी शेतकरी आहेत (हो, नावं आपल्याकडचीच), त्यांना कीड मारायचीय. एक मार्ग स्वस्त पण जालीम औषधाचा, फवारलं की कीड मरते पण मित्रकीटकही मरतात आणि पाण्यात विष उतरतं, ते शेजाऱ्यालाही भोवतं. दुसरा मार्ग एकात्मिक कीड नियंत्रणाचा. दोघांनी दुसरा निवडला तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाला एकट्याचा हिशोब केला तर पहिलाच परवडतो, आणि शेवटी दोघंही वाईट जागी अडकतात.

हे वाचताना मला विदर्भातली फरदड आठवली. कापसाची मुख्य वेचणी झाली की डिसेंबरनंतरही काही शेतकरी उभं पीक काढत नाहीत, एखादं पाणी देतात आणि अजून थोडा कापूस निघतो, जवळजवळ फुकटात. कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो की फरदड घेऊ नका, कारण त्या उभ्या पिकावर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामात ती सगळ्या शिवारावर येते. २०१७ ला या अळीने काय केलं ते यवतमाळवाल्यांना विचारा. आता आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा दोनच सूर असतात, शेतकरी ऐकत नाहीत किंवा कंपनीचं बियाणं फसवं आहे. दुसऱ्यात तथ्य आहेच, अळीत प्रतिकारशक्ती आली आहे. पण पहिल्याचं उत्तर या तक्त्यात आहे. मी एकट्याने फरदड सोडली आणि बांधापलीकडच्याने ठेवली तर माझं त्या दोन-तीन क्विंटलचं नुकसान झालंच आणि अळी येणार ती येणारच, मग मी का सोडू. यात अडाणीपणा कुठे आहे? गावाने मिळून ठरवलं, पाळलं नाही तर काहीतरी किंमत मोजावी लागेल असं केलं, तरच गणित बदलतं. समाजशास्त्रात आपण ज्याला नियम, दंडक, सामूहिक वर्तन म्हणतो ते इथे अर्थशास्त्राच्या दारातून आत येतं आणि तेही दुसऱ्याच प्रकरणात, हे मला फार बरं वाटलं. पुढे प्रयोगांची माहिती आहे, लोक खरंच एवढे स्वार्थी वागतात का, अनोळखी माणसाबरोबर पैसे वाटून घ्यायला सांगितलं तर काय करतात, अन्याय्य वाटा मिळाला तर स्वतःचं नुकसान करून घेऊनही तो नाकारतात वगैरे. 'अर्थशास्त्र माणसाला स्वार्थी मानतं' हे आपलं ठरलेलं वाक्य फेकायला मग थोडं जड जातं.

तिसरं प्रकरण ठीक, धोरणं कशी जोखायची, न्याय आणि कार्यक्षमता वगैरे. चौथं प्रकरण एक विद्यार्थी किती तास अभ्यास करेल आणि किती मार्क मिळतील यावरून संधी-खर्च, समवृत्ती वक्र असल्या गोष्टी शिकवतं, थोडं कंटाळवाणं आहे पण ते टाळू नका कारण पाचवं प्रकरण त्याच आलेखांवर उभं आहे.

आणि पाचव्यासाठी तर हे पुस्तक वाचायचं. नावच आहे संस्था, सत्ता आणि विषमता. पहिल्यांदा समुद्री चाच्यांचं जहाज येतं, 'रॉयल रोव्हर', अठराव्या शतकातलं, त्यांची लेखी घटना होती, लुटीतले वाटे ठरलेले, कप्तानाला दोन वाटे, बाकीच्यांना साधारण एकेक, आणि कप्तान निवडायला मतदान! त्याच काळात ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर कप्तान आणि मोजके अधिकारीच बहुतेक सगळं खायचे. दोन्हीकडे समुद्र तोच, जहाजं साधारण तशीच, माणसंही तीच, फरक नियमांचा. यावरून विषमता मोजणारा गिनी गुणांक शिकवलाय आणि इतका सोपा करून मी आधी कुठे वाचला नव्हता. लोकांच्या सगळ्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीत उत्पन्नाचा फरक किती ते काढा, त्या फरकांची सरासरी घ्या, तिला एकूण सरासरी उत्पन्नाने भागा, आणि निम्मं करा. झालं. नेटच्या परीक्षेला 'शून्य म्हणजे पूर्ण समता, एक म्हणजे पूर्ण विषमता' एवढं पाठ करून गेलेल्यांना विचारा, मधला आकडा कशाचा असतो हे कितीजणांना सांगता येतं.

मग अँजेला आणि ब्रुनो. अँजेला शेत कसते. सुरुवातीला ती एकटी आहे, पिकेल ते सगळं तिचं, किती राबायचं ते तीच ठरवते. मग ब्रुनो येतो बंदूक घेऊन, आता प्रश्न एवढाच की ती जिवंत राहील आणि काम करत राहील इतकं सोडून किती ओरबाडता येईल. मग कायद्याचं राज्य येतं, बंदूक चालत नाही, पण जमीन ब्रुनोच्या नावावर लागलेली आहे. आता अँजेला नाही म्हणू शकते. पण नाही म्हटल्यावर तिच्या हातात काय उरतं? जे उरतं त्यावर तिचा वाटा ठरतो, ब्रुनोला तिला त्याहून किंचित जास्त दिलं की भागतं. मग मताधिकार येतो, कामाचे तास कमी पण मोबदला तेवढाच असा कायदा होतो, आणि त्या नव्या जागेवरून दोघं परत बोलणी करतात, ती जास्त राबते आणि जास्त धान्य घेते, कायद्याने ठरलेल्या जागेपेक्षा दोघंही बऱ्या ठिकाणी पोचतात. हे सगळं एकाच आलेखावर सरकत सरकत दाखवलंय. आणि त्यातला सगळ्यात चटका लावणारा भाग म्हणजे बंदुकीच्या धाकावर झालेली वाटणीसुद्धा अर्थशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे 'कार्यक्षम' असू शकते, कारण एकाचं नुकसान न करता दुसऱ्याचं भलं करण्याची जागा तिथे उरलेली नसते. म्हणजे 'हे धोरण कार्यक्षम आहे' असं टीव्हीवर कोणी म्हणालं तर न्यायाबद्दल त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही. पुस्तक हे मोठ्याने ओरडून सांगत नाही, आलेखातून तुम्हाला स्वतःला दिसतं.

हा भाग महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्याला सोपा जातो कारण आपल्याकडे याचं प्रात्यक्षिक झालेलं आहे. रोजगार हमी योजना. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, पुढे २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. आपण सिव्हिक्समधे हे 'कल्याणकारी योजना' या खात्यात टाकतो, खड्डे खणणं, पाझर तलाव, दुष्काळी काम. अँजेलाच्या आलेखावर ठेवून बघा. मालकाला नाही म्हटलं तर हातात काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर हमीच्या कामाने बदललं. मजूर बाई हमीच्या कामावर गेलीच नाही, तिने फक्त 'जाईन' असं म्हटलं, तरी तिची बोलणी करायची जागा वर सरकते. गावाकडे बागाईतदार मंडळी जे म्हणतात ना, 'या रोजगार हमीने मजूर माजलेत, मिळतच नाहीत', ती तक्रार म्हणजे या प्रकरणातल्या आलेखाचं बोली भाषेतलं वर्णन आहे. आणि या हमीचा खर्च भागवायला आला व्यवसाय कर, जो अजूनही पगारदारांच्या स्लिपमधून दर महिन्याला २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. कशाला कापतात हे ऑफिसात कोणालाच माहीत नसतं.

पश्चिम बंगालचं ऑपरेशन बर्गासुद्धा पुस्तकात आहे, १९७८ पासून बटाईदारांची नोंद करून त्यांना पिकाचा तीन चतुर्थांश वाटा आणि हुसकावून न लावण्याची हमी दिली, तर उत्पादनही वाढलं, कारण जास्त पिकवलं तर त्यातलं जास्त आपल्याला राहणार. आपल्याकडचा १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, 'कसेल त्याची जमीन', हे पुस्तकात नाही, ते तुमचं तुम्ही शेजारी ठेवून वाचा, कुठे जमलं आणि कुठे मालकाने आधीच कुळाला उठवून जमीन स्वतः कसतो असं दाखवलं ते. बर्गाच्या गोष्टीत उलट बाजू फारशी येत नाही असं मला वाटलं, जरा जास्तच गोड करून सांगितलीय.

सहावं प्रकरण कंपनीवर. कामगार किती मन लावून काम करेल हे करारात लिहिता येत नाही, मग मालक ते कसं मिळवतो? नोकरी जाण्याची भीती. ही नोकरी गेली तर किती नुकसान होईल, ते नुकसान जितकं मोठं तितकं जास्त काम काढून घेता येतं. चाकण, रांजणगाव कुठेही कंत्राटी पोरांना जे ऐकवतात, 'नको असेल तर सोड, बाहेर लाइन लागलीय', ती लाइन म्हणजे नुसता उर्मटपणा नसून उत्पादनाचा एक घटक आहे हे इथे कळतं. मार्क्स वाचलेल्यांना बेरोजगारांची 'राखीव फौज' आठवेल, पुस्तकातही मार्क्स येतो, आणि शिवीसारखा येत नाही, एक अर्थशास्त्रज्ञ म्हणून येतो. सुखद धक्का.

सातव्यात बाजार, भाव, मागणी-पुरवठा. म्हणजे इतर पुस्तकं जिथून सुरू होतात तिथे हे अर्धं संपल्यावर पोचतं, आणि तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की बाजाराआधी मालकी, नियम, सत्ता हे सगळं असतं. इथे मी लासलगावचा कांदा घेऊन बसले होते. डिसेंबर २०२३ मधे निर्यातबंदी, मे २०२४ मधे उठली, त्या बंदीआधी ऑगस्ट २०२३ मधे ४० टक्के निर्यात शुल्क. त्या आलेखात ग्राहकाचा फायदा आणि उत्पादकाचा फायदा असे दोन त्रिकोण असतात, निर्यात बंद केली की कोणता त्रिकोण कोणी खाल्ला आणि मधला कोणता तुकडा कोणालाच मिळाला नाही हे स्वतः काढून बघा, पुण्या-मुंबईचे आणि नाशिकचे लोक एकाच बातमीवर वेगवेगळं का चिडतात ते कळेल.

आठवं प्रकरण. इथे माझ्या ओळखीतले निम्मे लोक थांबले. वेतन ठरण्याचा वक्र, किंमत ठरण्याचा वक्र, दोन्ही एकमेकांना छेदतात आणि त्या जागेवरही बेरोजगारी उरतेच. मुद्दा जबरदस्त आहे, बेरोजगारी म्हणजे बाजार बिघडल्याची खूण नाही, सगळं 'नीट' चालू असतानाही ती राहते कारण ती नसेल तर सहाव्या प्रकरणातली भीतीच उरत नाही. पण समजावताना त्यांची दमछाक झालीय, मागचे आलेख, त्यावरून नवीन आलेख, आणि मधे गोष्ट हरवते. चाच्यांची जहाजं दाखवणाऱ्या लेखकांकडून ही अपेक्षा नव्हती.

नववं परत मस्त, कर्जबाजार. सिंधमधल्या चंबर गावचे सावकार आहेत, सरासरी व्याज वर्षाला ७८ टक्के, तरी लोक घेतात, आणि त्याच भागात बँकेचं स्वस्त कर्ज ठराविक लोकांनाच मिळतं. का? सावकाराला तुम्ही परत कराल की नाही हे कळायला मार्ग नाही, तारण असेल तर भीती कमी, आणि ज्याच्याकडे तारण नाही तोच तर गरीब. म्हणून गरिबाला एक तर कर्ज मिळत नाही किंवा महाग मिळतं. हे वाचून बीडच्या ऊसतोड कामगारांची उचल समजून घ्या. हंगामाआधी मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पुढचे महिने टनावर काम करून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. जमीन तारण ठेवता येत नाही म्हणून स्वतःची मजुरीच तारण ठेवलेली असते. पाचव्या प्रकरणातली अँजेला आणि नवव्यातला कर्जदार इथे एकाच व्यक्तीत भेटतात, आणि ती नाही म्हणू शकत नाही कारण पैसे आधीच खर्च झालेत, लग्नात, दवाखान्यात. पुस्तक हे दोन धागे वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतं, आपल्याकडच्या खेड्यात ते वेगळे नसतातच. भिशी आणि बचत गट का चालतात हेही याच प्रकरणाने सुटतं, दहा बायका एकमेकींना ओळखतात, कोण बुडवेल कोण नाही ही माहिती बँकेला विकत घ्यावी लागते ती त्यांच्याकडे आधीच असते.

शेवटच्या तीनबद्दल थोडक्यात. दहावं बँका, पैसा, घरं आणि २००८, वाचनीय. अकरावं बाजार कुठे फसतो, कॅरिबियनमधल्या केळीच्या बागांवर फवारलेल्या क्लोरडेकोन या कीटकनाशकाची गोष्ट लक्षात राहते, बागायतदारांचा खर्च वाचला आणि मासेमारी करणाऱ्यांचं वाट्टोळं झालं. बारावं सरकार आणि लोकशाही, पॉलिटिकल सायन्सवाल्यांना त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आता तो गेलेला एक मार्क. पहिलं म्हणजे कंपनी, मालक, पगार या चौकटीवर अर्धं पुस्तक आहे, आणि आपल्या पीएलएफएस या सरकारी रोजगार सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त लोक स्वयंरोजगारात दिसतात, नियमित पगारी साधारण पाचात एक. वडापावची गाडी, रिक्षा, घरच्या शेतावर बिनपगारी राबणारी सून, यांना कोणत्या आलेखात बसवायचं? दुसरं, जातीला स्वतंत्र प्रकरण नाही. कोणतं काम कोणाला मिळतं आणि कोणाची जमीन कुठे असते हे आपल्याकडे जातीशिवाय सांगताच येत नाही. इथे मी सांगेन की पाचव्या प्रकरणानंतर बाबासाहेबांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया' हा १९१८ चा निबंध वाचा, छोटा आहे. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल असं तेव्हा सगळे म्हणत होते, आणि सत्तावीस-एक वर्षांचे बाबासाहेब म्हणतात की तुकडा लहान की मोठा हे नुसतं मापाने ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि माणसं किती ते बघा, जमिनीवर रिकामे हात जास्त झालेत, उपाय औद्योगिकीकरणात आहे. अँजेला-ब्रुनो वाचून झाल्यावर तो निबंध फार सोपा जातो.

तिसरं, महागाई, सरकारी बजेट, परदेशी व्यापार यांवर स्वतंत्र प्रकरणं नाहीत. म्हणजे मी सुरुवातीला म्हटलेला रेपो रेटचा प्रश्न हे एकटं पुस्तक सोडवत नाही. त्यासाठी एनसीईआरटीचं बारावीचं मॅक्रो घ्या, राष्ट्रीय उत्पन्न, पैसा आणि बँका, बजेट, खुली अर्थव्यवस्था, बारीक पुस्तक आहे, पीडीएफ फुकट. मग रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचं निवेदन उघडा, सहा जणांची समिती, ४ टक्के महागाईचं लक्ष्य, दोन टक्के इकडेतिकडे, ते निम्मं तरी कळायला लागतं. अकरावीचं 'इंडियन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' तर सरळ गोष्टीसारखं वाचून होतं, असंघटित क्षेत्राचा भाग त्यात आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी बालभारतीचं अकरावी-बारावीचं अर्थशास्त्र आधी चाळावं, तेही ई-बालभारतीवर फुकट आहे, व्याख्यांचा भडिमार आहे आणि सत्तेबित्तेचं नावही नाही, पण लवचिकता, सार्वजनिक वित्त, निर्देशांक या शब्दांशी मराठीतून ओळख झालेली असली की कोअरचं इंग्रजी अंगावर येत नाही. इंग्रजी तसं साधंच आहे, पण वाक्यं भरपूर आहेत.

ज्यांना परीक्षेपुरतं हवंय, एमपीएससी किंवा नेट, त्यांच्यासाठी हे नाही, यातून एकही व्याख्या तयार उचलून लिहिता येणार नाही. ज्यांना पुढे फील्डवर्क किंवा प्रबंध करायचाय त्यांनी मात्र सोबतचं 'डूइंग इकॉनॉमिक्स' पण बघा, तेही फुकट, खरा डेटा देतात आणि एक्सेल, गूगल शीट्स किंवा 'आर' या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममधे काम करून घेतात, हवामानबदलाचे आकडे, बर्कलीमधे गोड पेयांवर कर लावला तर काय झालं असले प्रोजेक्ट. आम्हाला मेथडॉलॉजीच्या पेपरात 'संख्यात्मक पद्धती'वर पानभर टीप लिहायला लावतात, त्यापेक्षा यातला एक प्रोजेक्ट केलेला बरा. कोअरची 'अ साउथ एशियन पर्स्पेक्टिव्ह' अशी आवृत्तीही आहे, पण ती मोठ्या पुस्तकाची, आधी हे संपवून मग तिकडे जा. आणि पहिल्या वाचनात आठवं सोडून द्या, पाचवं दोनदा वाचा, डेटाचे प्रोजेक्ट लॅपटॉपवरच करा, मोबाईलवर एक्सेल उघडून डोळे फोडून घेऊ नका.